रिकामेकाकांच्या हातची बारा झाडं

निळी टेप वेळेवर आली नाही ती माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. मागून कोणीतरी कुजबुजण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. संस्थेच्या भांडारात मी एकोणीस वर्षं काढली. माझ्या सहीशिवाय इथे टाचणीसुद्धा कपाटाबाहेर पडत नाही. टेपचे सहा रोल मागवणारा कागद माझ्या टेबलावर तीन महिने पडून होता, कारण त्यावर नुसतं 'निळी' लिहिलं होतं. फिकट निळी की गडद निळी? मी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही. मग मी वाट बघत बसलो. यात माझं काय चुकलं, असं मी तेव्हा छाती ठोकून विचारत होतो. आता विचारत नाही.

तर गोष्ट रिकामेकाकांची.

आमच्या संस्थेत झाडांना आजारी पाडतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग आपल्याकडे संशयानं बघतो. पण झाडात शिरलेला विषाणू नेमकं काय करतो आणि झाड त्याला कसं तोंड देतं हे बघायचं, तर आधी विषाणू हाताशी हवा, तोही ज्याचं अक्षर न् अक्षर ठाऊक आहे असा. म्हणून इथली मंडळी विषाणूची हुबेहूब नक्कल तयार करतात आणि ती एका जिवाणूत घालतात. जिवाणू दात काढून घेतलेला असतो, त्याचा स्वतःचा काही त्रास नसतो. तो नुसती गाडी. नक्कल हा गाडीतला प्रवासी. बिनसुईच्या सिरिंजनं गाडी पानात सोडली की प्रवासी उतरतो, आणि नक्कल जमलेली असेल तर अस्सल विषाणूसारखा झाडभर पसरतो. मग नकलेतलं एखादं अक्षर बदलायचं आणि आजार कसा बदलतो ते बघायचं. हे एवढं समजायला मला सहा वर्षं लागली.

झाडही ठरलेलं. तंबाखूच्या भावकीतलं एक वीतभर रोपटं. त्याचं मोठेपण असं, की त्याला जवळजवळ कुठलाही विषाणू होतो. दुसरी झाडं थोडीफार झुंज देतात, हे लगेच अंथरूण धरतं. म्हणून त्याचे एवढे लाड.

आता, झाड आजारी पडलं ते विषाणूमुळेच, टोचण्यामुळे किंवा गाडीमुळे नाही, हे कसं कळणार? त्यासाठी तेवढ्याच झाडांना तीच गाडी रिकामी टोचायची. तीच सिरिंज, तेवढाच थेंब, तोच दिवस, फक्त प्रवासी नाही. ही झाडं ठणठणीत राहायला हवीत. दुसरीकडे हे काम एकच माणूस हातमोजे बदलून करतो म्हणे. आमच्याकडे तसं नाही. आमच्या पहिल्या संचालकांना माणसाच्या हाताचा भरवसाच नव्हता. त्यांनी नियम केला: विषाणूला शिवलेला हात रिकाम्या झाडांना जन्मात लागता कामा नये. त्यासाठी वेगळी खोली आणि वेगळा माणूस. तो वेगळा माणूस म्हणजे रिकामेकाका.

खरं नाव पगारपत्रकात असेल. आम्ही सगळे त्यांना रिकामेकाका म्हणायचो आणि ते ओ द्यायचे. मी त्यांच्याहून सातच वर्षांनी लहान, पण मीही काकाच म्हणायचो. बेताची उंची, इस्त्रीचा शर्ट, आणि नखं इतकी कापलेली की आपल्यालाच दुखावं. सव्वीस वर्षं हा माणूस रोज सकाळी साडेसातला स्वच्छ खोलीत जायचा, झाडांना पाणी घालायचा, दिवे लावायचा, तासभर स्टुलावर बसून राहायचा, आणि मग एकेका पानाच्या पाठीला सिरिंज टेकवून आत काहीही सोडायचा नाही. म्हणजे सोडायचा, पण त्यात काही नसायचं. कामाच्या वहीत त्यांच्या नावापुढे सव्वीस वर्षं एकच शेरा आहे: 'परिणाम नाही.' हा शेरा पडला की काका खूश. चुकून कोणी 'परिणाम दिसला नाही' लिहिलं तर ते परत पाठवायचे. म्हणायचे, "दिसला नाही म्हणजे? होताच कुठे?"

स्वच्छ खोलीच्या दारावर एक पाटी होती: 'या खोलीत विषाणू नाही. दिवस:' आणि पुढे खडूनं आकडा. तो काका रोज सकाळी एकानं वाढवायचे. सुट्टीवर गेले की आल्यावर जितके दिवस झाले तितके एकदम वाढवायचे, आणि त्याआधी सगळी झाडं निरखून बघायचे. निवृत्तीच्या दिवशी हा आकडा बरोबर साडेनऊ हजार होणार, हा हिशेब त्यांनी मला निदान चाळीस वेळा सांगितला असेल.

घरी मात्र या कामाची पंचाईत होती. काका इंजेक्शनं देतात, एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक. कोणी गुडघा दाखवायला यायचं, कोणी पोराचा घसा. काकूंचा भाऊ तर त्यांना 'पाणी टोचणारे' म्हणून भरल्या घरात चिडवायचा. वीस वर्षांपूर्वी काकांनी काकूंना मुद्दाम काम दाखवायला आणलं होतं. काचेतून चोवीस हिरवीगार रोपं दाखवली. काकूंनी बराच वेळ बघितलं आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "छान आहेत. पण यात तुम्ही काय केलंत?"

काकांनी त्यांना परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. काकू पुन्हा कधी आल्या नाहीत. हे काकांनी मला एकदाच सांगितलं, पण तो साडेनऊ हजारांचा जप कशासाठी चालायचा ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या बाजूला होती पुन्हाताई. संशोधन करणारी मुलगी, तिसरं वर्ष. प्रयोग फसला की रडायची नाही, ओरडायची नाही, "पुन्हा करते," एवढंच म्हणायची, म्हणून हे नाव. तिनं एका विषाणूची नक्कल तीन वर्षं खपून तुकड्या-तुकड्यांनी जोडली होती. कागदावर अक्षर न् अक्षर बरोबर. पण झाडाला टोचली की झाड ढिम्म. चार वेळा टोचली, चारही वेळा झाडं जोमानं वाढली. एकाला तर फुलं आली. विषाणू टोचल्यावर झाड बहरावं, याहून मोठा अपमान आमच्या धंद्यात नाही.

पाचव्या वेळेआधी मोठ्या सरांनी तिला बोलावलं. सर वाईट नाहीत, पण त्यांनी स्वतः सिरिंज धरून पंधरा वर्षं झालेली. म्हणाले, "तुझी नक्कल मेलेली आहे. हा शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर ती फेकून द्यायची आणि विषय बंद." तीन वर्षांनी विषय बंद म्हणजे तिनं बोऱ्याबिस्तरा गुंडाळायचा, हे न सांगताही सगळ्यांना कळलं.

आता टेपेकडे येतो. प्रवासी असलेली नळी आणि रिकामी नळी, दोन्हींत सारखंच गढूळ पाणी. डोळ्यांनी फरक कळत नाही. म्हणून रिकाम्या नळीला निळी टेप लावायची पद्धत. टेप संपलेली. पुन्हाताई माझ्या खिडकीशी आली.

"टेप नाही," मी म्हणालो. "फिकट की गडद ते ठरलेलं नाही."

"मग मी काय करू?"

"हा मार्कर घ्या. नळीवरच लिहा. सही करा इथे."

तिनं सही केली. मला वाटलं, मी सोय केली.

तिनं एका नळीवर 'भरलेली' लिहिलं, दुसरीवर 'रिकामी', आणि दोन्ही नळ्या स्टँडवर ठेवून स्टँड दोन खोल्यांमधल्या टेबलावर ठेवला. आमची रीत अशी की आधी काका येतात, कारण स्वच्छ माणसाचा मान पहिला. ते स्टँडसकट सगळं स्पिरिटच्या फडक्यानं पुसून काढतात, आपली नळी उचलतात आणि जातात. मग दुसरा येऊन आपली नेतो. त्या सकाळी काकांनी नेहमीसारखं फडकं फिरवलं, एकदा वरून खाली, एकदा गोल. फडकं उचललं तर ते काळं झालेलं, आणि स्टँडवर दोन कोऱ्या नळ्या. टेपेला स्पिरिटनं काही होत नाही. मार्करच्या शाईला होतं. हे संस्थेतल्या पोराटोरांना ठाऊक आहे. काकांच्या टेबलावर सव्वीस वर्षांत मार्कर आलाच नव्हता, आणि मला विचाराल तर मी भांडारात बसतो.

तिथेच ओरडायला हवं होतं. पण ओरडलं की दोन्ही नळ्या फेकायच्या, जिवाणू नव्यानं वाढवायचे, रोपांचं वय उलटून जायचं. सरांनी दिलेली शेवटची तारीख त्याच दिवसाची. शिवाय पलीकडे ती मुलगी हातमोजे घालून, श्वास रोखून उभी. आणि काकांनी एक विचार केला, जो त्यांनी मला नंतर अगदी गंभीरपणे समजावून सांगितला. चार वेळा नक्कल चालली नाही, म्हणजे ती मेलेलीच. म्हणजे भरलेली नळीही रिकामीच. दोन रिकाम्या नळ्यांपैकी कुठलीही उचलली तरी फरक काय पडतो?

तरी त्यांनी निवड केली. दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. रिकामी नळी सव्वीस वर्षं हाताळलेली, ती जरा बिचारी दिसते, असा त्यांचा अनुभव. जी बिचारी दिसली ती त्यांनी उचलली. पाटीवर तेव्हा आकडा होता नऊ हजार चारशे बारा.

बारा दिवसांनी सकाळी मी भांडार उघडत होतो तर काका समोर उभे. शर्ट चुरगळलेला. मला आधी वाटलं घरी काही झालं.

"चला जरा," ते म्हणाले.

मी काचेबाहेरून बघितलं. बाराही झाडांची वरची पानं आकसून, मुडपून, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेली. एकही सुटलं नव्हतं. पलीकडच्या आजारी खोलीत पुन्हाताईची बारा झाडं मस्त तरारलेली होती.

दहा मिनिटांत गलका. नियम असा की स्वच्छ खोलीत काहीही आजारी दिसलं तर तासाभरात नष्ट करायचं, तपासबिपास नंतर. काकांनी स्वतःच्या हातांनी बाराही कुंड्या ऑटोक्लेव्हपाशी नेल्या. हे म्हणजे वाफेचं एक दांडगं भांडं, त्यात घातलेलं काहीच जिवंत बाहेर येत नाही. पाटीवरचा आकडा पुसायचा की ठेवायचा यावर एकमत होईना, म्हणून पाटीवर फडकं टाकून ठेवलं.

मग चौकशी समिती बसली. तीन जण: मोठे सर, प्रशासनाचे साहेब आणि कीटकांचे तज्ज्ञ. रिकाम्या नळीनं आजार होऊ शकत नाही, हे सर्वानुमते ठरलं. काकांच्या हातून चूक होऊ शकत नाही, हेही ठरलं. राहता राहिली माशी. बाहेरून पांढरी माशी विषाणू घेऊन आत आली असणार, असं कीटकतज्ज्ञांनी सांगितलं. खोलीला खिडकी नाही, असं मी नम्रपणे सुचवलं, तेव्हा भांडारानं भांडारापुरतं बोलावं असं ठरलं. माशी पकडायला पिवळे चिकट कागद टांगले. आठवडाभरात त्यांना एकच गोष्ट चिकटली, प्रशासनाच्या साहेबांचा टाय. तो कात्रीनं सोडवावा लागला. अहवालात तरीही माशीच आली.

पुन्हाताईच्या झाडांबद्दल समितीनं एकच ओळ लिहिली: पाचव्यांदाही परिणाम नाही, नक्कल निकामी. काकांचा आवडता शेरा तिच्या नावापुढे पडला.

ती दुपारी माझ्या खिडकीशी आली. या वेळी "पुन्हा करते" म्हणाली नाही. सामान परत करायला आली होती. तीन स्टँड, एक टायमर, कात्री. काका तिथेच माझ्यासमोर डबा उघडून बसले होते. सगळ्यात शेवटी तिनं खिशातून मार्कर काढून ठेवला.

"हा टेपेऐवजी दिला होतात तुम्ही," ती म्हणाली. "संपलेला नाही. फक्त दोन नळ्यांवर लिहिलं."

मी पावती केली. ती गेली. काका त्या मार्करकडे बघत राहिले. मग त्यांनी डब्याचं झाकण उचललं, आतल्या बाजूला मार्करनं एक रेघ मारली, खिशातल्या फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसली. रेघ गेली. मग ते मला सगळं सांगत गेले, फडक्यापासून बिचाऱ्या नळीपर्यंत.

मी घाबरलो. त्यांच्यासाठी नाही, खोटं कशाला बोलू, स्वतःसाठी. मार्कर मी दिला होता.

"काका, गप्प बसा," मी म्हणालो. "माशीवर गेलंय ना? जाऊ दे की माशीवर. दोन महिने राहिलेत तुमचे. पाटीचं काय ते मी साहेबांशी बोलतो. माशी म्हणजे दैवी आपत्ती. आकडा पुढे चालू ठेवता येईल. साडेनऊ हजार होतील."

"होतील," काका म्हणाले. "पण तिची नक्कल मेलेली नाही हो. बारापैकी बारा! माझ्या डोळ्यांनी बघितलीयेत. मेलेल्या नकलेनं झाड असं आकसतं का?"

"मग तिच्या हातानं का होत नाही?"

काकांनी फडकं घडी घालून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "ती सावलीतली झाडं थेट उचलते. पाणी नाही, उजेड नाही. पानांची तोंडं मिटलेली असतात तेव्हा. मग आत जात नाही म्हणून जोर लावते, पानाला भोक पडतं, सगळं दुसऱ्या बाजूनं गळून जातं. चारही वेळा बघितलं मी काचेतून."

"आणि बोलला नाहीत?"

"मला वाटलं, विषाणू टोचायची पद्धतच तशी असेल." त्यांनी डबा बंद केला. "आपण काय, रिकामं टोचणारे. आपल्याला कोण विचारतंय."

मी सहसा कोणासाठी हळहळत नाही. पण त्या वाक्यानं मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, त्यांचा आणि सगळ्यांचाच. तीन वर्षं एक मुलगी डोकं आपटत होती आणि ज्याला पान टोचणं या इमारतीत सगळ्यात जास्त कळतं तो माणूस एका काचेपलीकडे बसून तिच्याकडून शिकत होता.

काका त्याच पावली समितीकडे गेले. मी मागोमाग गेलो, मार्कर हातात घेऊन.

समितीला हे मुळीच आवडलं नाही. माशीचा अहवाल टाइप होऊन गेला होता. प्रशासनाच्या साहेबांनी विचारलं, "बिचारी दिसली म्हणजे नेमकं काय दिसलं? व्याख्या सांगा." काका म्हणाले, "आरशात बघतो तेव्हा दिसतं तसं." हे इतिवृत्तात घ्यायचं का, यावर वीस मिनिटं गेली. मग कीटकतज्ज्ञ म्हणाले की पुरावा ऑटोक्लेव्हमध्ये गेला, आता कशावरून मानायचं? मोठ्या सरांनी अहवाल बाजूला सारला. ते म्हणाले, "फ्रीझरमध्ये नक्कल अजून आहे. पुन्हा करू. या वेळी भरलेली नळी काकांच्या हातात द्या, सगळ्यांसमोर."

"एकदा भरलेली टोचली की काकांना स्वच्छ खोलीत पाऊल टाकता येणार नाही," साहेब म्हणाले. "नियम आहे. आणि पाटी शून्यावर येईल."

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "टोचली आहेच मी," ते म्हणाले. "शून्य मीच लिहितो."

त्यांनी लिहिलंही. मोठ्ठं, गोल, वळणदार शून्य. मग हात झटकले आणि खडू पाटीखाली ठेवून दिला.

इथे एक नवीनच अडचण निघाली. भरलेली काका टोचणार, मग रिकामी कोण टोचणार? विषाणूला कधीही न शिवलेला हात हवा. शोध सुरू झाला. शिपाई कुंड्या उचलतो, बाद. पहारेकरी सुट्टीच्या दिवशी पाणी घालतो, बाद. झाडूवाल्या बाई, बाद. साहेबांच्या टायचाही उल्लेख झाला. शेवटी संपूर्ण इमारतीत असा एकच माणूस सापडला, ज्यानं एकोणीस वर्षांत एकाही झाडाला बोट लावलं नव्हतं. मला झाडं आवडत नाहीत.

काकांनी मला आठ दिवस शिकवलं, तेही काचेपलीकडून, कारण त्यांना आत यायची बंदी. ते हातवारे करायचे, मी करायचो. साडेसातला पाणी. दिवे. मग तासभर स्टुलावर बसायचं. मी तिसऱ्या मिनिटाला उठलो की काच वाजायची. पानाखाली सिरिंज टेकवायची, वरून बोटाचा आधार द्यायचा, आणि दाबायचं इतकं हळू की आपल्यालाच शंका यावी. पानावर ओला गडद डाग पसरत जातो. पहिल्या दिवशी मी सात पानं फाडली. प्रत्येक भोकाला काका पलीकडे डोळे मिटून घ्यायचे. एकदा मला सगळं नीट जमलं, डाग सुरेख पसरला, आणि मी वळून बघितलं तर ते हसत होते. मला इतका आनंद झाला की मी त्या झाडाला चुकून "शाबास" म्हणालो.

ठरल्या दिवशी काका आजारी खोलीत गेले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पुन्हाताई त्यांच्या शेजारी. त्यांनी तिला आधी पाणी घालायला लावलं, मग तासभर बसवलं. समितीही त्यांच्याबरोबर तासभर उभी राहिली, कारण स्टूल दोनच होते. मग बारा झाडं, प्रत्येकी तीन पानं. पहिली सहा काकांनी टोचली. सातव्याला त्यांनी सिरिंज पुन्हाताईच्या हातात दिली, तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं, आणि राहिलेली सगळी तिच्या हातानं झाली. साहेब म्हणाले, हे ठरलं नव्हतं. मोठे सर म्हणाले, "गप्प बसा हो." आमच्या सरांचं एवढं चांगलं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी पहिलं पान मुडपलं. बाराव्या दिवशी बाराही. पुन्हाताई झाडासमोर बसून मोठ्यानं रडली, पाच वेळचं एकदम. तिची नक्कल जिवंत होती. आता तिला त्यातलं एकेक अक्षर बदलायचं होतं, दोन वर्षं पुरेल एवढं काम होतं. ती काकांच्या पाया पडायला वाकली तर ते घाबरून मागे सरकले. म्हणाले, "हात लावू नकोस, आधी हातमोजे काढ."

त्या दुपारी काकांनी काकूंना बोलावून आणलं. मी स्वच्छ खोलीत होतो, मला काचेतून सगळं दिसत होतं आणि दार अर्धवट उघडं राहिल्यामुळे ऐकूही येत होतं. काकूंनी आजारी झाडं बघितली.

"ही तुम्ही केलीत?"

"अर्धी मी. अर्धी हिनं."

"किती वाईट दिसतायत हो!" काकू म्हणाल्या, आणि आवाजात असं कौतुक की मला हसू आलं. "आता सांगते माझ्या भावाला. पाणी टोचणारे म्हणे!"

काका हसले नाहीत. ते झाडांकडे बघत होते. "बिचारी," ते म्हणाले. "यांना शेवटपर्यंत मीच पाणी घालणार आहे."

मग काकू वळल्या आणि काचेतून माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्याकडे म्हणजे माझ्या पुढ्यातल्या बारा रोपांकडे. हिरवी, सरळ, काहीही न झालेली. त्यांनी एकदा त्या झाडांकडे बघितलं, एकदा या. परत त्या, परत या. काकांनी काही समजावलं नाही. सव्वीस वर्षांत ते कधी जमलं नव्हतं.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "ही नसती, तर ती आजारी आहेत हे कशावरून ठरवलं असतं? तशीच असतात असं वाटलं असतं की."

काकांनी मान हलवली फक्त.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही हे..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आणि मी विचारलं होतं, यात तुम्ही काय केलंत. तेव्हा सांगायचं तरी!"

"तेव्हा शेजारी ही आजारी झाडं नव्हती ना दाखवायला," काका म्हणाले, आणि कुंड्या सरळ करायला लागले. पुन्हाताई उगीचच सिरिंजा मोजायला लागली. मीही माझ्या झाडांवर वाकलो. त्यांना त्या वेळी कसलीही गरज नव्हती.

काकांच्या निवृत्तीच्या दिवशी पाटीवर साडेनऊ हजार नव्हते. सकाळी त्यांचा निरोपाचा चहा होता, भाषणं होती. माशीचा अहवाल लिहिणाऱ्या साहेबांनीही भाषण केलं. मी आत झाडांशी होतो, तासभर बसायचा नियम मोडता येत नव्हता. काच वाजली. काका बाहेर उभे, हातात पुष्पगुच्छ, शर्ट इस्त्रीचा. मला वाटलं निरोप घ्यायला आले. त्यांनी वैतागून दाराच्या पाटीकडे बोट दाखवलं. मी आजचा आकडा लिहायला विसरलो होतो.

मी बाहेर आलो, पंचावन्न पुसून छप्पन्न लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं, सहाची शेपटी जरा नीट करायला लावली, आणि मगच ते चहाला गेले.